हातांवर बसणाऱ्या बाई

आमच्या बाई खेळ बघायला बसल्या की स्वतःच्या हातांवर बसत. दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवायच्या, मग खांदे वर यायचे, मान आत जायची आणि पदर सावरायला हात मोकळा नसल्यामुळे तो वाऱ्यावर मागे फडफडत राहायचा. खुर्ची त्यांना चालत नसे. स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं पालथं घालून त्यावर बसायच्या. नव्या माणसाला वाटायचं, यांना हुडहुडी भरलीय. एका पाहुण्या बाईंनी तर भर उन्हाळ्यात त्यांच्यासाठी शाल मागवली होती. बाईंनी ती घेतली, घडी करून पातेल्यावर टाकली आणि पुन्हा हातांवर बसल्या.

हात मोकळे सोडले तर ते बाईंचं ऐकत नसत. मैदानात बॉल उडाला की ते आपोआप वर जायचे, बोटं पसरायची आणि मागोमाग बाई उठून उभ्या राहायच्या. एकदा प्रार्थनेच्या वेळी खिडकीतून कबुतर आत आलं, तर सगळ्यांनी मान खाली घातलेली असताना बाईंचे हात वर होते.

आमचं मुलींचं बोर्डिंग खांडबारा स्टेशनपासून डोंगराच्या अंगाला, सागाच्या झाडांत होतं. बैलगाडीनं जायला बराच वेळ लागायचा. तेव्हा जिल्ह्याचं नाव पश्चिम खानदेश होतं, राज्य इंग्रजांचं होतं आणि दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. बोर्डिंगच्या प्रमुख एक परदेशी मिससाहेब होत्या. मुली आम्ही सगळ्या नवापूरकडच्या पाड्यांतल्या, काही ख्रिस्ती घरांतल्या, काही हिंदू घरांतल्या. घरी आपली बोली बोलायचं आणि वर्गात अडखळत मराठी. बाई मात्र खालच्या, मैदानी मुलखातल्या. गणित आणि शिवण शिकवताना पुस्तकातलं मराठी बोलायच्या. रागावल्या किंवा खूश झाल्या की अहिराणी सुरू व्हायची. त्यामुळे पहिल्या वर्षी अहिराणी कानावर पडली की आम्ही आधी त्यांचं तोंड बघायचो, मग ठरवायचो, हसायचं की पळायचं.

बाई बोर्डिंगात आल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती. मी आणि मार्था, आम्ही दोघींनी ती गाडीतून उतरवली. इतकी हलकी की मार्था म्हणाली, रिकामीच असेल. रात्री त्यांनी ती उघडली तर आत दोन लुगडी, बायबल, कंगवा आणि वाळलेल्या भोपळ्यासारखं चपटं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टपाल आणणाऱ्या माणसाच्या सायकलचा पंप मागून घेतला आणि त्या भोपळ्यात हवा भरली. व्हॉलीबॉल आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिला. कातड्याचा, जागोजागी टाके घातलेला. बाई त्याला आठवड्याला तेल लावायच्या. स्वतःच्या डोक्याला लावायला विसरायच्या.

हा खेळ त्या शिकल्या शिक्षिकेच्या ट्रेनिंगला असताना. दूरच्या गावी, मोठ्या कॉलेजात. तिथल्या मुली उंच आणि बाई बुटक्या. सुरुवातीला त्यांना फक्त बाहेर गेलेला बॉल आणायला ठेवलं होतं. बॉल आणता आणता त्यांना उडी मारायची सवय लागली. कुंपणावरून उडी, ओढ्यावरून उडी. एक दिवस कुणीतरी आजारी पडलं, बाईंना आत घेतलं आणि त्यांनी जाळीच्या वर जाऊन बॉल असा हाणला की तो प्राचार्यबाईंच्या चहाच्या टेबलावर पडला. ही गोष्ट त्या शिवणाच्या तासाला सांगायच्या. दर वेळी टेबलावर नवं काहीतरी असायचं, कधी केक, कधी कलेक्टरसाहेबांची टोपी. पण एवढं खरं की त्यानंतर दोन वर्षं कॉलेजात त्यांच्यासारखं मारणारं कुणी नव्हतं. हे पुढे त्यांच्याबरोबर शिकलेल्या एका बाईंनीच आम्हाला सांगितलं.

मग लग्न झालं. नवरा शाळामास्तर होता. तो तापानं गेला आणि बाई आमच्याकडे आल्या. याबद्दल त्या काही बोलत नसत. आम्ही विचारतही नसू.

आम्ही अंबाडीच्या दोरीचं जाळं विणलं, सागाचे दोन खांब रोवले आणि खेळ सुरू झाला. म्हणजे बाई खेळायच्या. आम्ही पाच जणी त्यांच्याभोवती उभ्या असायचो. बॉल कुठेही आला तरी त्या तिथे पोचलेल्या असायच्या. लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला, चपला मैदानाबाहेर फेकलेल्या. त्या चपला परत घालायचं त्यांना कधी आठवायचं नाही. संध्याकाळच्या भाकरीच्या वेळी कुणीतरी ओरडायचं, "बाईंच्या चपला!" आणि एक मुलगी धावत जायची.

पहिल्याच वर्षी गुजरातेच्या हद्दीकडच्या एका बोर्डिंगातल्या मुली आमच्याकडे खेळायला आल्या. त्यांच्या बाजूनं त्यांच्या शिक्षिका उभ्या राहिल्या, म्हणून आमच्याकडून बाईही. काय खेळल्या बाई. मागून उचलायच्या, पुढून मारायच्या. आम्ही बाजूला व्हायचं काम चोख केलं. सामना आम्ही जिंकला. मिससाहेबांनी गुळाची लापशी करायला लावली.

त्या संध्याकाळी प्रार्थनेनंतर मिससाहेब म्हणाल्या, आज प्रत्येकीनं एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे. कुणी म्हणालं, जिंकलो म्हणून. कुणी म्हणालं, लापशीबद्दल. आमच्यात सगळ्यांत लहान होती जिवली. हडकुळी, कमी बोलणारी, संघात सहावी. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मला उभं राहायला चांगली जागा मिळाली. तिथून सगळं दिसलं."

सगळ्या हसल्या. मिससाहेबही हसल्या. जिवलीला कळेना, काय झालं ते. तिनं मनापासून आभार मानले होते.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी लापशी खाल्ली नाही, ताट तसंच झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मैदानात गेलो तर पातेलं पालथं घातलेलं होतं आणि बाई त्यावर बसलेल्या होत्या, हातांवर.

"बाई, या ना," मार्था म्हणाली.

"मी आज बघनार."

त्या दिवशी बॉल एकदाही जाळीपलीकडे गेला नाही. तो वर उडायचा, दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि तो दोघींच्या मधोमध पडायचा. घरी आम्हाला तसंच शिकवलेलं होतं. भाकरीचा तुकडा असो, गोधडी असो, आधी दुसऱ्याला विचारायचं. बाई पातेल्यावरून विचारायच्या, "बॉल कोना शे?"

जी ती शेजारणीकडे बोट दाखवायची.

"कोनाच नही? मंग तो धरतीना."

मग त्यांनी नियम केला. बॉल घ्यायच्या आधी ओरडायचं, "माझा." जी मुलगी ओरडली नाही तिनं घेतलेला बॉल, कितीही सुंदर गेला तरी, बाई मोजायच्या नाहीत. आम्हाला हे जड गेलं. मार्था कशीबशी पुटपुटायची. मी ओरडायचे पण बॉल पडून गेल्यावर. जिवलीच्या तोंडून तर शब्दच फुटेना. बाईंनी तिला रोज सकाळी ओढ्याच्या पलीकडे उभं केलं आणि स्वतः अलीकडे उभ्या राहिल्या. जिवलीनं ओरडायचं. बाईंना ऐकू आलं तरच नाश्त्याला यायचं. पाणी खळाळायचं, बाई कानाला हात लावून मान हलवायच्या. त्या दिवसांत दोघींचीही नागलीची भाकरी गार व्हायची, कारण जिवली येईपर्यंत बाईही खात नसत.

त्यांच्या शिकवण्याच्या तऱ्हा अशाच होत्या. शनिवारी सगळ्यांची नखं त्या स्वतः कापायच्या. बोट हातात धरून दाबून बघायच्या, बाजारात वांगं बघावं तसं. भाकरी करायची पाळी ज्या मुलीची असेल तिच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या. "तव्यावरची भाकरी उचलताना बोटं कशी होतात? तश्शी. तिथे चटका, इथेही चटका समज." कोपराचं त्यांना वेड होतं. "कोपर खाले गयं का हात मोडना समज," असं त्या दिवसातून कितीदा म्हणत. रस्त्यात भेटलेल्या माणसांच्या कोपरांकडेही त्या बघत. पाटील हात जोडून नमस्कार करायला लागले की त्या पाटलांचं कोपर न्याहाळत.

तुम्हाला वाटेल, बाईंनी खेळ सोडून दिला. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा पहाटे मी पाणी भरायला उठले तर धान्याच्या कोठाराच्या बाजूनं धप्प, धप्प असा आवाज. जाऊन बघते तर बाई एकट्याच भिंतीवर बॉल मारत होत्या. भिंत परतवायची, त्या पुन्हा मारायच्या. उडी तशीच होती, चेंडूवर हात पडल्याचा आवाज तसाच. मी उभी आहे हे त्यांना बऱ्याच वेळानं कळलं. त्यांनी बॉल पोटाशी धरला आणि धापा टाकत भिंतीला टेकल्या.

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला खेळावंसं वाटतं ना?"

"वाटस ना. रोज वाटस," त्या म्हणाल्या. "पन आपले भूक लागनी म्हनीसन पोरीसना ताटमधलं खावानं का?"

मग मला म्हणाल्या, भिंतीचा गिलावा पडलाय तेवढा झाडून घे, मिससाहेबांना दिसायला नको. मी झाडला. मिससाहेबांना सगळं ठाऊक होतं. वर्षातून एकदा त्या काही न बोलता तेवढाच तुकडा लिंपून घ्यायच्या.

दोन वर्षांत जिवलीचं काहीतरी वेगळंच झालं. ती उंच झाली, हात लांब झाले आणि ओढ्याकाठी कमावलेला आवाज आता टेकडीपलीकडे जायचा. बाई तिच्याबद्दल आमच्यासमोर एक शब्द बोलत नसत. संघात चांगलं कोण, वाईट कोण, हे बोलायला बंदी होती. पण पोटात राहीना म्हणून की काय, त्या भलत्याच माणसाला सांगून बसल्या.

खांडबाऱ्याच्या बाजारात जिवलीचा बाप बांबूच्या टोपल्या विकायला बसलेला होता. बाई समोर उभ्या राहिल्या आणि टोपलीकडे न बघता म्हणाल्या, "दादा, तुमनी पोरनं मनगट गह्यरं चांगलं शे." एवढं सांगून पुढे मिरच्या घ्यायला गेल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जिवलीचा बाप बोर्डिंगात आला. काखेत गाठोडं होतं. आम्ही मैदानातच होतो. नंदुरबारच्या एका शाळेच्या मुलींशी सामना ठरला होता आणि बाई आम्हाला दम खाऊ देत नव्हत्या. तो सरळ बाईंपाशी गेला. त्याला मराठी थोडं यायचं, अडलं की तो आमच्या बोलीत बोलायचा आणि मी बाईंना सांगायचे.

"पोरीला न्यायला आलोय," तो म्हणाला. "लग्न ठरवलंय."

बाईंचे हात मांडीखालून निघाले. "एवढ्या घाईनं? पुढच्या साली तिची सातवीची, फायनलची परीक्षा आहे. पास झाली तर मास्तरीण होईल."

"घाई तुम्ही लावली."

"मी?"

"तुम्ही भर बाजारात मनगट चांगलं म्हणालात. पोरीचं मनगट कोण बघतं? सून बघायला आलेली माणसं बघतात. मला वाटलं, तुम्ही तिला कुठे खालच्या मुलखात द्यायला निघालात. म्हणून मी आमच्यातलंच घर बघून टाकलं."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. जिवली बॉल घेऊन जाळीपाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. गाठोड्यात नवं लुगडं असणार हेही तिला कळलं होतं. तेवढ्यात उधईनं पोखरलेला एक खांब, जो सकाळपासून डुलत होता, तो कलला आणि जाळं लोंबकळलं.

"दादा," बाई म्हणाल्या, "हाऊ खांब जरासा धरा."

तो माणूस भला होता. पडणारी वस्तू दिसल्यावर धरायची, एवढं तो विचार न करता करायचा. त्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी खांब उभा धरला. बाईंनी खेळा म्हणून खूण केली.

आम्ही खेळलो. बॉल उंच उडाला की जिवली ओरडायची, "माझा!" तिचा बाप दचकायचा. खांब हलायचा, जाळं थरथरायचं. मग तो पाय रोवून उभा राहिला. जिवली त्याच्या अगदी जवळून उडी मारायची आणि बॉल पलीकडे आदळायचा. उन्हं डोंगराआड गेली तरी तो खांब सोडेना. शेवटी बाईंनीच सांगितलं, पुरे.

त्यानं तळहात झटकले. मला म्हणाला, "ही घरी तोंड उघडत नाही. बकरी हरवली तरी विचारल्याशिवाय सांगत नाही."

मी ते बाईंना सांगितलं. त्यानं गाठोडं उचललं, खांबाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "सामना होऊ दे. मग नेतो." जेवायला थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवा सागाचा खांब मैदानाच्या कडेला टाकलेला दिसला.

सामन्याला आम्ही खांडबाऱ्याहून रेल्वेनं गेलो. आमच्यातल्या बहुतेकींचा तो पहिलाच प्रवास. नंदुरबारचं मैदान शाडूनं सारवलेलं, चुन्याच्या रेघा आखलेल्या, मुलींच्या पायांत कॅनव्हासचे बूट. रेल्वेत काम करणारी माणसं, शेजारच्या गल्लीतल्या बायका, भुईमुगाच्या शेंगा विकणारे असे सगळे जमलेले. त्या गर्दीत जाळीच्या खांबाशी जिवलीचा बाप उभा होता. तो आम्हाला न सांगता आला होता.

आणि मार्थाला गाडीतच हीव भरलं होतं. मैदानावर पोचेपर्यंत ती उभी राहू शकेना. आमच्याकडे सातवी मुलगी नव्हती. पलीकडच्या शिक्षिका फार चांगल्या होत्या. त्या येऊन बाईंना म्हणाल्या, "तुम्हीच उभ्या राहा. आमची काही हरकत नाही. तुमचं नाव आम्ही ऐकून आहोत."

आम्ही बाईंकडे बघत होतो. खरं सांगते, मला आनंदच झाला. बाई आत आल्या की आम्ही जिंकणार. जिंकलो की बापाचं मन वळेल, जिवली राहील. एवढं सोपं होतं ते. फक्त जिवली खाली बघत होती.

बाईंनी चपला काढल्या, कासोटा मारला आणि आत आल्या.

पहिला बॉल त्यांच्याच डोक्यावर आला. त्यांनी तो बोटांवर घेतला आणि माझ्याकडे उंच सोडला. मला वाटलं, सामन्याची सवय मोडलीय म्हणून. पुढचा आला, तो त्यांनी जिवलीला दिला. त्यानंतरचा पुन्हा कुणाला तरी. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की बाई एकही बॉल पलीकडे मारत नाहीयेत. त्या धावत होत्या, जमिनीला टेकलेला बॉल उचलत होत्या, गुडघा सोलवटून घेत होत्या. पण हातात आलेला प्रत्येक बॉल आमच्यातल्या एकीला मिळेल असा वर ठेवायच्या आणि बाजूला व्हायच्या. सर्व्हिसची पाळी आली तेव्हा तेवढा नाइलाज म्हणून पलीकडे टाकला, तोही अगदी अलगद.

पहिला डाव आम्ही हरलो, दुसरा जिंकलो. तिसऱ्यात बरोबरी होत होत शेवटापाशी आलो. जिंकायला त्यांना एकच गुण हवा होता. त्यांच्याकडून बॉल आला तो उंच आणि जाळीला लागून, थेट बाईंच्या समोर. असा बॉल मारणाऱ्याच्या नशिबात कधीतरीच येतो. बाईंनी उडी घेतली. तीच, कोठाराच्या भिंतीपाशी पाहिलेली उडी. पलीकडच्या मुली डोळे मिटून मागे सरल्या. बाईंचा हात मागे गेला होता, आणि वरच्या वर तो उघडला. त्यांनी बॉल बोटांवर झेलून मागे जिवलीकडे सोडला.

"माझा!" जिवली ओरडली. तिनं मारला. बॉल रेघेच्या बाहेर पडला, वीतभर.

सामना आम्ही हरलो.

जिवली रडायला लागली. बाई तिच्याजवळ गेल्या, तिचा उजवा हात धरला, वर उचलला आणि कोपर बघितलं. "सरळ व्हतं," एवढंच म्हणाल्या. पण त्यांचं तोंड असं फुललं होतं की पलीकडच्या शिक्षिकांना क्षणभर वाटलं, निकाल ऐकण्यात यांची चूक झाली. त्यांनी हळूच सांगितलं, "आमच्या मुली जिंकल्या." बाई म्हणाल्या, "हो ना. छान खेळल्या."

स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो असताना जिवलीचा बाप आला. शेंगांचा पुडा त्यानं आमच्यात ठेवला आणि बाईंसमोर उकिडवा बसला.

"तो शेवटचा तुम्हाला मारता आला असता," तो म्हणाला.

"हां."

"मग तिला का दिला?"

"तीना हात वर व्हता, दादा. वर गयेल हात रिकामा कसा ठेवू?"

मी ते आमच्या बोलीत सांगितलं. त्यानं एक शेंग फोडली, दाणे तळहातावर घेऊन बघत राहिला. मग विचारलं, "परीक्षा कधी असते?"

"पुढच्या उन्हाळ्यात."

"त्या लोकांना सांगतो, पोरगी शाळेत आहे. थांबले तर थांबले."

"आणि नाही थांबले तर?" हे मी विचारलं, मधेच. मला विचारायचा अधिकार नव्हता.

"मग जातील दुसरीकडे," तो म्हणाला. "घाई त्यांना आहे." आणि त्यानं दाणे तोंडात टाकले.

ते थांबले नाहीत. जिवली फायनल पास झाली आणि आमच्याच भागातल्या एका पाड्यावर मास्तरीण झाली. लग्नही झालं तिचं, पुढे, एका चांगल्या माणसाशी. तिच्या शाळेपुढे जाळं होतं. बाई आमच्या बोर्डिंगातच राहिल्या. केस पिकले, दात गेले, मुलींच्या पिढ्या गेल्या. जिंकलेल्या सामन्यांपैकी एकही त्यांना नीट आठवत नसे.

पण त्या संध्याकाळचं सांगते. गाडी आली. आम्ही मार्थाला बाकावर आडवं केलं, पांघरूण घातलं. बाई खिडकीशी बसल्या आणि गाडी स्टेशनाबाहेर पडायच्या आधी त्यांना झोप लागली. बसल्या बसल्याच, तोंड जरा उघडं. बाई दमतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. जिवलीनं ओठांवर बोट ठेवलं आणि खांडबारा येईपर्यंत आमच्यातलं कुणी बोललं नाही. शेंगासुद्धा आम्ही पदरात धरून, आवाज न करता फोडल्या.

खांडबाऱ्याला बैलगाडी आली होती. बाई जाग्या होऊन तीत बसल्या आणि एकेकीच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

"गाना का म्हनत नही?" त्यांनी विचारलं. "हारी गयात म्हनीसन?"

"नाही बाई. तुम्ही झोपला होतात म्हणून."

"माले झोप लागनी म्हनीसन तुमना तोंडले कुलूप लागनं का?" असं म्हणून त्यांनी स्वतःच गाणं सुरू केलं. रविवारचं, आम्हाला सगळ्यांना येणारं. गाडीवानानं एकदा वळून बघितलं. मार्था तापातही उठून बसली. इतकी वर्षं चर्चमध्ये बाई आमच्या मागच्याच रांगेत उभ्या असायच्या, पण त्या फक्त ओठ हलवत होत्या, हे आम्हाला तेव्हा कळलं. सूर कुठे, बाई कुठे. आम्ही घाईघाईनं सगळ्या जणी मोठ्यानं गायला लागलो, आणि बाई आमच्याहून मोठ्यानं, थेट बोर्डिंगचं फाटक येईपर्यंत.